ऑनलाइन पाठाचे साधन कसे निवडावे?



आपल्या वसतिगृहातून शिकून बाहेर पडलेली मुले-मुली आज मुंबई-ठाण्यात, पुण्यात, गोव्यात आणि काही थेट आखाती देशांत नोकरी-व्यवसाय करीत आहेत. त्यांपैकी कोणी परिचारिका आहेत, कोणी विद्युत तंत्रज्ञ, कोणी बँकेत, तर कोणी शिक्षक. शाळेसाठी काही करावे अशी त्यांची मनापासून इच्छा असते; परंतु मिठबावला येऊन चार दिवस वर्ग घेणे प्रत्येकाला साधत नाही. म्हणून अलीकडे त्यांच्याकडून एकच विचारणा वारंवार होते : "सर, आमच्या विषयाचा पाठ आम्ही ऑनलाइन तयार करून देतो. त्यासाठी कोणते सॉफ्टवेअर घेऊ?"

प्रश्न साधा दिसतो. परंतु त्याच्या उत्तरावर दोन गोष्टी अवलंबून आहेत. लोकांनी आपल्या मिळकतीतून बाजूला काढलेला पैसा कोठे जाणार, ही पहिली. आणि आज कष्टाने केलेला पाठ पाच वर्षांनी, नव्या मुलांसमोर, उघडणार की नाही, ही दुसरी. या दोहोंचा विचार करून प्रस्तुत लेखाची मांडणी केली आहे. आमचे मत आरंभीच सांगतो. साधनाचे नाव सर्वांत शेवटी घ्यावे. आधी विद्यार्थ्याने काय करावयाचे आहे ते ठरवावे. मग जे साधन पाठ आपल्या हाती राहू देते आणि घरातल्या सर्वांत साध्या फोनवर, रेंज नसतानाही, तो चालवते, तेच निवडावे.

१. आंतरक्रिया कशाला म्हणावे?

'इंटरॅक्टिव्ह' हा शब्द आता सर्वांच्या तोंडी आहे. मराठीत त्यास आंतरक्रिया म्हणतात. पडद्यावर बटण दाबले की चित्र हलते, टाळ्यांचा आवाज येतो, एवढ्यालाच पुष्कळ जण आंतरक्रिया समजतात. आमच्या मते तिची तीन अंगे आहेत. विद्यार्थी स्वतः काही करतो. पाठ त्याच्या कृतीला कारणासह उत्तर देतो. आणि त्या उत्तरावरून पुढचे पाऊल बदलते. फळ्यासमोर उभा राहिलेला चांगला शिक्षक हेच करीत असतो. मुलाने चुकीचे उत्तर दिले की तो "चूक" म्हणून थांबत नाही. चूक कोठे झाली ते पाहतो आणि पुढचा प्रश्न त्यानुसार विचारतो.

यंत्राकडून हे काम करून घेण्याचा प्रयत्न जुना आहे. अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात १९६० साली 'प्लेटो' नावाची संगणकप्रणाली सुरू झाली. विद्यार्थी पडद्यासमोर बसून प्रश्न सोडवीत आणि यंत्र त्यांना प्रतिसाद देई. आपल्याकडे एमएस-सीआयटीचा अभ्यासक्रम केलेल्या असंख्य तरुणांनी संगणकासमोर बसून, पाहून आणि लगेच करून शिकण्याचा अनुभव घेतला आहे. म्हणजे ही कल्पना आपल्या समाजास अगदीच अपरिचित नाही.

२०२० साली शाळा बंद पडल्या तेव्हा मात्र 'ऑनलाइन शिक्षण' या नावाखाली बहुतेक ठिकाणी मुलांच्या फोनवर चित्रफिती आणि छायाचित्रे पाठवली गेली. मूल पाहत राहिले. त्याला काय समजले हे कळण्याचा मार्ग राहिला नाही. शिवाय पाहण्यासाठीही रेंज हवी. आपल्याच जिल्ह्यातील कणकवली तालुक्यात एका विद्यार्थिनीने ऐन पावसाळ्यात डोंगरावर झोपडी उभारून तेथून महाविद्यालयाचे तास केले, ही वार्ता त्या वर्षी सर्वांनी वाचली. तिच्या जिद्दीचे कौतुक झाले ते योग्यच होते. परंतु शिकणाऱ्याने डोंगर चढण्याऐवजी पाठानेच डोंगर उतरून त्याच्या घरी यावे, अशी व्यवस्था करणे हे पाठ तयार करणाऱ्याचे कर्तव्य आहे. साधनाची निवड येथूनच सुरू होते.

२. जे पाठ बंद पडले

इतिहासाच्या अभ्यासकाला टिकलेल्या कागदपत्रांइतकेच नष्ट झालेलेही काही शिकवून जातात. संगणकावरील पाठांच्या बाबतीत तसा मोठा दाखला 'फ्लॅश'चा आहे. सुमारे दोन दशके जगभरातील बोलकी, हलती शैक्षणिक सामग्री मोठ्या प्रमाणावर या एका तंत्रावर उभी होती. ते तंत्र एका कंपनीच्या मालकीचे होते. अडोबी कंपनीने जुलै २०१७ मध्ये ते बंद करण्याचे जाहीर केले. ३१ डिसेंबर २०२० रोजी त्याचा आधार संपला आणि १२ जानेवारी २०२१ पासून फ्लॅश प्लेअरमध्ये पाठ चालणेच थांबले. विकत घेतलेल्या सीडी कपाटात जशाच्या तशा राहिल्या. त्यांतील पाठ मात्र उघडेनासे झाले.

याच काळात काही पाठ वाचले. कोलोरॅडो विद्यापीठात भौतिकशास्त्रातील नोबेल मानकरी कार्ल वीमन यांनी २००२ साली 'फेट' हा प्रकल्प सुरू केला. त्यातील विज्ञानाचे आभासी प्रयोगही जावा व फ्लॅशवर बांधलेले होते. परंतु मूळ बांधणी प्रकल्पाच्या स्वतःच्या हाती असल्यामुळे त्यांतील अनेक प्रयोग एचटीएमएल-फाइव्ह या खुल्या पद्धतीत नव्याने उभे करता आले. आज ते साध्या ब्राउझरमध्ये चालतात, इंटरनेटविना वापरण्यासाठी उतरवून घेता येतात, आणि पुष्कळसे मराठीतही उपलब्ध आहेत. ज्याच्या हाती मूळ प्रत, त्याचाच पाठ वाचतो, हा यातील बोध.

मराठी माणसाने हाच अनुभव दुसऱ्या एका ठिकाणी घेतला आहे. यूनिकोडच्या प्रमाणात देवनागरीला १९९१ पासून स्थान असूनही आपल्याकडे कित्येक वर्षे निरनिराळ्या कंपन्यांच्या फॉन्टमध्ये टंकन होत राहिले. प्रत्येक फॉन्टची आतली मांडणी वेगळी. तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर धारिका उघडली की मजकुराऐवजी अर्थहीन चिन्हांची रांग दिसे. जुन्या प्रश्नपत्रिका, अहवाल, हस्तलिखितांच्या प्रती अशा रीतीने डोळ्यांसमोर असूनही वाचता येईनाशा झाल्या. अक्षरे आपली; कुलूप मात्र दुसऱ्याचे.

३. मराठी मुलखातील दोन वस्तुपाठ

महाराष्ट्रात झालेली दोन कामे या दृष्टीने अभ्यासण्यासारखी आहेत.

पहिले काम पवईच्या आयआयटीतील 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्पाचे. प्राध्यापक कण्णन मौद्गल्य यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या या प्रकल्पात संगणकावरील मुक्त सॉफ्टवेअर शिकवणारे सुमारे दहा-दहा मिनिटांचे पाठ तयार केले जातात. आधी संहिता लिहिली जाते, विषय अजिबात न येणारी व्यक्ती ती वाचून, तशी कृती करून पाहते, ती अडली तर संहिता दुरुस्त होते, मगच ध्वनिमुद्रण. ध्वनी वेगळा असल्याने त्याच पाठाला मराठीसह अन्य भारतीय भाषांत आवाज देता येतो. शिकणाऱ्याने पडद्याच्या एका बाजूस पाठ ठेवावा आणि दुसऱ्या बाजूस ऐकत-ऐकत तीच कृती करावी, अशी पद्धत आहे. पाठ उतरवून घेतले की इंटरनेटची गरज राहत नाही. यात चमचमणारी बटणे नाहीत. तरी विद्यार्थ्याचा हात सतत चालू राहतो. आंतरक्रिया साधनातून येण्यापूर्वी पाठाच्या रचनेतून येते, याचा यापेक्षा चांगला पुरावा आम्हांस ठाऊक नाही.

दुसरे काम सोलापूर जिल्ह्यातील माढा तालुक्याच्या परितेवाडी येथील जिल्हा परिषद शाळेत शिक्षक असताना रणजितसिंह डिसले यांनी केलेले. पाठ्यपुस्तकांतील पाठांना त्यांनी क्यूआर कोडची जोड दिली. पुढे राज्याच्या पाठ्यपुस्तकांतही ती पद्धत आली. २०२० सालचा दहा लाख डॉलरचा जागतिक शिक्षक पुरस्कार त्यांना मिळाला, आणि त्यातील अर्धी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांत वाटून दिली. या पद्धतीचे मर्म असे की, छापील पुस्तक फोनविनाही पूर्ण उपयोगी राहते. कोड हे केवळ जादा दार आहे. मात्र एक सावधगिरी हवी. कोडमागचा पत्ता बदलला की छापलेला कोड मेला. म्हणून आपण कधी कोड छापलेच, तर ते शाळेच्या ताब्यातील पत्त्यावर नेणारे असावेत.

केंद्र शासनाचे 'दीक्षा' हे व्यासपीठ सप्टेंबर २०१७ मध्ये सुरू झाले. त्याचा पाया असलेले 'सनबर्ड' हे सॉफ्टवेअर मुक्त परवान्याचे आहे. ऑक्टोबर २०२० पासून शिक्षकांचे 'निष्ठा' प्रशिक्षणही त्यावर ऑनलाइन झाले. पाठ्यपुस्तकाशी निगडित सामग्री तेथे आधीच आहे. म्हणून पहिला नियम असा की, जे आहे ते पुन्हा करू नये. आपली शक्ती जे कोठेच नाही त्यासाठी राखावी.

४. निवडीच्या पाच कसोट्या

कोणतेही साधन समोर आले, त्याची जाहिरात कितीही मोहक असली, तरी पुढील पाच प्रश्न विचारावेत.

एक : पाठ बाहेर काढता येतो का? साधनात तयार केलेला पाठ धारिकेच्या रूपात उतरवून घेता यावा आणि दुसऱ्या साधनात चालावा. अशा देवाणघेवाणीसाठी 'स्कॉर्म' नावाचे प्रमाण २००० च्या सुमारास अमेरिकेत तयार झाले आणि त्याची १.२ ही २००१ सालची आवृत्ती आजही पुष्कळ प्रणाली ओळखतात. 'एचफाइव्हपी' हा अलीकडचा, खुला प्रकार. साधन यांपैकी काही देत असेल तर उत्तम. परंतु तेवढ्याने भागत नाही. चालणारा पाठ हाती असणे आणि दुरुस्त करता येणारी मूळ प्रत हाती असणे, यांत अंतर आहे. दोन्ही मागाव्यात.

दोन : रेंज आणि वीज नसताना काय होते? १६ मे २०२१ रोजी तौक्ते चक्रीवादळ आपल्या किनाऱ्याजवळून गेले. देवगड, मालवण, वेंगुर्ले या पट्ट्यात विजेचे खांब पडले, मोबाइल मूक झाले. एरवीही पावसाळ्यात रेंजचा भरवसा नसतो. म्हणून पाठ फोनमध्ये उतरवून ठेवता यावा. आकारही पाहावा. साधारण दर्जाच्या चित्रफितीला मिनिटाला सात-आठ एमबी लागतात. नुसत्या आवाजाला अर्धा एमबी पुरतो. दहा मिनिटांचा पाठ एका पद्धतीने पंचाहत्तर एमबीचा होतो, दुसऱ्या पद्धतीने पाचाचा. छायाचित्रे आणि आवाज यांनी काम होत असेल तेथे चित्रफितीचा मोह टाळावा.

तीन : मराठी नीट चालते का? यासाठी एक छोटी परीक्षा आम्ही सुचवतो. साधनात 'दुसऱ्या', 'ऱ्हस्व', 'ॲप' आणि 'ऑगस्ट' हे चार शब्द लिहून पाहावेत. अक्षरे तुटली, चौकोन दिसले, तर ते साधन बाजूला ठेवावे. दुसरी अडचण डोळ्यांना दिसत नाही. 'ऱ्य' हे जोडाक्षर संगणकात दोन वेगवेगळ्या पद्धतींनी साठवले जाते. दिसायला सारखे, पण यंत्राला भिन्न. मुलाने रिकाम्या जागी बरोबर शब्द लिहूनही यंत्र चूक ठरवू शकते. 'बारा' लिहिले, देवनागरी अंक लिहिले की इंग्रजी अंक लिहिले, यावरूनही तसेच होते. शिकण्याच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्या मुलाला बरोबर उत्तरासाठी 'चूक' हा शब्द ऐकावा लागणे ही क्षुल्लक बाब नव्हे. म्हणून टंकन करून उत्तर मागण्याऐवजी पर्याय, जोड्या, क्रम, चित्रावर बोट ठेवणे असे प्रकार वापरावेत. किंवा उत्तराची सर्व रूपे आधीच नोंदवावीत. कृत्रिम बुद्धिमत्तेकडून प्रश्न लिहवून घेण्याची आता सोय आहे. पण त्यातील मराठी आणि वस्तुस्थिती जाणत्याने तपासल्याशिवाय मुलांपुढे ठेवू नये.

चार : मुलांची कोणती माहिती कोणाकडे जाते? डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण अधिनियम, २०२३ नुसार अठरा वर्षांखालील व्यक्ती बालक ठरते. तिची माहिती हाताळण्यास पालकांची पडताळणीयोग्य संमती हवी, आणि तिच्या वर्तनावर पाळत ठेवणे वा तिला लक्ष्य करून जाहिराती दाखवणे यांस मनाई आहे. प्रश्नमंजुषेला मुलाची जात, आधार क्रमांक, जन्मतारीख, घरचा फोन यांपैकी काहीही लागत नाही. हजेरी क्रमांक पुरतो. आपल्या मुलांनी जात विचारणारे रकाने पुष्कळ भरले आहेत. आपण तयार केलेल्या पाठात तरी तो रकाना असता कामा नये.

पाच : खर्च किती आणि सांभाळणार कोण? फुकट साधनालाही सांभाळणारा लागतो आणि विकतच्या साधनाची वर्गणी दर वर्षी भरावी लागते. पहिल्या वर्षीची देणगी पाहून निर्णय घेऊ नये. पाचव्या वर्षी वर्गणी कोण भरील आणि संकेतशब्द कोणाकडे असेल, ते आजच लिहून ठेवावे. एका व्यक्तीच्या नावावर सर्व काही ठेवणे हे संस्थेच्या दृष्टीने धोक्याचे असते.

५. साधनांची ओळख

या कसोट्या हाती घेऊन आता प्रत्यक्ष साधनांकडे वळू. सोयीसाठी त्यांचे चार गट करतो.

पहिला गट प्रश्नमंजुषेचा. गूगल फॉर्म सर्वांना परिचित आहे. विनामूल्य आहे, गुण आपोआप मोजतो, आणि दिलेल्या उत्तरानुसार पुढच्या विभागात नेण्याची सोयही त्यात आहे. पालकांची संमती घेणे किंवा छोटी चाचणी यांसाठी तो पुरेसा आहे. परंतु उत्तरे पाठवण्यास रेंज लागते आणि तयार केलेला फॉर्म दुसऱ्या साधनात नेता येत नाही. 'कहूत'सारखे स्पर्धेचे खेळ वर्गात रंगत आणतात. पण सर्वांनी एकाच वेळी जोडलेले असावे लागते आणि वेगाने उत्तर देणाऱ्याला अधिक गुण मिळतात. सावकाश विचार करणारे मूल तेथे मागे पडते.

दुसरा गट विकतच्या व्यावसायिक साधनांचा. आर्टिक्युलेट, अडोबी कॅप्टिव्हेट ही त्यांतील प्रसिद्ध नावे. बँका आणि मोठ्या कंपन्या आपल्या कर्मचाऱ्यांचे प्रशिक्षण यांतून तयार करतात. काम सुबक होते, स्कॉर्म धारिका मिळते. मात्र आर्टिक्युलेटचा एका व्यक्तीचा वार्षिक परवाना अलीकडे एक हजार डॉलरहून अधिक किमतीचा आहे, आणि मूळ प्रत केवळ त्याच सॉफ्टवेअरमध्ये उघडते. आपल्या काही माजी विद्यार्थ्यांच्या कार्यालयांत ही साधने असतील. कार्यालयाचा परवाना कार्यालयाच्या कामासाठी असतो, हे एक. आणि उद्या नोकरी बदलली की त्या पाठातील एक शब्दही कोणाला दुरुस्त करता येणार नाही, हे दुसरे.

तिसरा गट मुक्त साधनांचा. एचफाइव्हपी हे नॉर्वेत २०१३ साली आरंभलेले मुक्त साधन आहे. त्यात प्रश्नसंच, चित्र ओढून जागी ठेवणे, मध्येच थांबून प्रश्न विचारणारी चित्रफीत, आणि निर्णयागणिक वाट बदलणारा प्रसंग, असे अनेक प्रकार तयार मिळतात. त्याच नावाची सशुल्क सेवाही आहे. ती घेण्याची आपणास गरज नाही. 'लुमी' हे विनामूल्य सॉफ्टवेअर संगणकावर बसवले की इंटरनेटविना एचफाइव्हपी पाठ तयार करता येतात आणि संपूर्ण पाठ एकाच एचटीएमएल धारिकेत साठवता येतो. ती धारिका फोनमधून फोनमध्ये देता येते. न्यूझीलंडमध्ये सुरू झालेले 'ई-एक्स-ई लर्निंग' हे अशाच जातीचे दुसरे साधन. मजकूरप्रधान पाठांसाठी चांगले. गणितासाठी ऑस्ट्रियातील मार्कुस होहेनवार्टर यांनी २००१ साली सुरू केलेले 'जिओजेब्रा' अतुलनीय आहे : त्रिकोणाचा शिरोबिंदू बोटाने सरकवावा आणि कोनांची बेरीज तीच राहते हे मुलाने स्वतः पाहावे.

चौथा गट पाठ ठेवण्याच्या जागांचा. पाठ तयार करणे आणि तो ठेवून विद्यार्थ्यांची प्रगती नोंदवणे ही दोन निराळी कामे आहेत. खरेदीच्या वेळी त्यांची गल्लत होते. 'मूडल' ही त्यांतील सर्वपरिचित मुक्त प्रणाली. तिचा कर्ता मार्टिन डुगियामास ऑस्ट्रेलियाच्या दूरच्या वाळवंटी वस्तीत वाढला. तेथील मुलांना 'स्कूल ऑफ द एअर' रेडिओवरून शिकवी आणि शालेय साहित्य विमानाने येई. दूर राहणाऱ्या मुलाची गरज ज्याने स्वतः अनुभवली, त्याने २००२ साली ही प्रणाली जगाला खुली करून दिली. मूडलमध्ये एचफाइव्हपी पाठ थेट चालतात, आणि त्याच्या फोनवरील ॲपमध्ये पाठ उतरवूनही ठेवता येतात. मात्र तिला सर्व्हर लागतो आणि वेळोवेळी अद्ययावत करणारा जाणकार लागतो. तसा माणूस मिळेपर्यंत 'कोलिब्री' अधिक सोयीचे. हे मुक्त सॉफ्टवेअर वसतिगृहातील एका साध्या संगणकावर बसवावे. त्याच्या वाय-फायवरून आजूबाजूचे फोन व टॅब इंटरनेट नसतानाही पाठ उघडतात आणि कोणी काय सोडवले याची नोंद त्या संगणकातच राहते.

आमची शिफारस यावरून स्पष्ट होईल. पाठ एचफाइव्हपीत, तयार करण्यास लुमी, ठेवण्यास कोलिब्री. आणि सुट्टीत घरी जाणाऱ्या मुलासाठी तोच पाठ एका धारिकेत.

६. एक नमुना : सर्पदंशाचा पाठ

नुसत्या शिफारशीने समाधान होऊ नये म्हणून एक पाठ उभा करून दाखवतो. वसतिगृहाचे अधीक्षक, स्वयंपाकगृहातील ताई आणि आठवीपुढील मुले यांच्यासाठी 'साप चावला तर' हा विषय घेऊ. आपल्या जांभ्याच्या सड्यावर फुरसे आढळते. नाग, मण्यार, घोणस हेही आहेत. या विषयावर भाषण ऐकून लोक माना डोलावतात, आणि प्रसंग आला की दोरी शोधतात. म्हणूनच येथे आंतरक्रिया हवी.

प्रसंग असा : रात्रीचे नऊ वाजले आहेत. मागच्या पायवाटेवर एका मुलाच्या पायाला काहीतरी चावले. आता तुम्ही काय कराल?

पहिला पर्याय, पायाला वर करकचून दोरी बांधणे. तो निवडल्यास पाठ सांगतो की रक्तप्रवाह थांबून पाय निकामी होण्याचा धोका आहे, आणि दोरी एकदम सोडली तर विष वेगाने पसरते. दुसरा पर्याय, ब्लेडने चीर देणे. उत्तर असे की, फुरसे वा घोणस चावल्यास रक्त गोठण्याची क्रिया बिघडते. तुम्ही दिलेली जखमच वाहत राहील. तिसरा, मांत्रिकाला बोलावणे. विषावर मंत्राचा इलाज नाही, आणि गेलेली वेळ परत येत नाही. चौथा, मुलाला धीर देऊन आडवे करणे, अस्थिभंग झाल्यासारखा पाय फळीच्या आधाराने स्थिर ठेवणे, १०८ क्रमांकाला फोन करणे आणि जे वाहन आधी मिळेल त्याने प्रतिविष असलेल्या रुग्णालयात नेणे. हा निवडला की प्रसंग पुढे सरकतो.

पुढे कोणी म्हणते, "साप मारून सोबत नेऊ." उत्तर : नको, वेळ जातो आणि दुसऱ्याला दंश होतो. आपल्याकडचे प्रतिविष या चारही सापांच्या विषावर चालते, आणि डॉक्टर लक्षणे पाहून उपचार करतात. अखेरचे वळण सर्वांत महत्त्वाचे. मूल म्हणते, "सर, दुखत नाही, सूजही नाही. झोपू का?" येथे पुष्कळ जण "झोप" म्हणतात. मण्यार चावल्यास वेदना फारशी होत नाही. काही तासांनी पापण्या जड होतात आणि श्वास अडखळू लागतो. हे उत्तर चुकवून ज्याने त्याचा परिणाम पडद्यावर पाहिला, तो ते सहसा विसरणार नाही.

हा पाठ बांधण्यापूर्वी जुन्या कॅलेंडरच्या कोऱ्या पाठीवर एकेक प्रसंग लिहून कागद जमिनीवर पसरावेत आणि दोन मुलांना त्यावरून चालवून पाहावे. जेथे ती गोंधळतील तेथे लेखन दुरुस्त करावे. मग संहिता डॉक्टरांकडून तपासून घ्यावी. त्यानंतरच संगणक उघडावा. सहा-सात छायाचित्रे, पाच मिनिटांचा आवाज, एवढ्यात पाठ पूर्ण होतो. एका धारिकेतल्या अशा पाठात गुण आपोआप आपल्याकडे येत नाहीत. म्हणून कोणी पाठ पूर्ण केला याची नोंद अधीक्षकांनी वहीत करावी. वहीला वीज लागत नाही. धारिका पाठवण्याआधी घरातला सर्वांत जुना फोन घेऊन, विमानअवस्था चालू करून, ती उघडून पाहावी. आवाज बंद ठेवून मजकूर पुरतो का, आणि पडद्याकडे न पाहता आवाज पुरतो का, हेही तपासावे. ऐकण्यात वा पाहण्यात अडचण असलेले मूल आपलेच आहे.

७. आपण काय द्यावे?

निधी देणाऱ्यांना आमची विनंती आहे की तो वार्षिक परवान्यांवर खर्च होऊ नये. एक बऱ्यापैकी संगणक, एक माइक, दोन स्वतंत्र ठिकाणी ठेवायच्या दोन हार्ड डिस्क, आणि पाठ सांभाळणाऱ्या व्यक्तीचे मानधन, यांवर तो लागावा. सॉफ्टवेअर मुक्त आहे. माणसाचे श्रम मुक्त नाहीत आणि नसावेत.

ज्यांना आपले ज्ञान द्यायचे आहे त्यांनी प्रत्येकी एकच पाठ द्यावा, पण पूर्ण द्यावा. परिचारिका असलेल्या आपल्या भगिनीने प्रथमोपचाराचा, तंत्रज्ञाने पावसाळ्यातील विजेच्या सुरक्षिततेचा, बँकेतील बंधूने शिष्यवृत्तीचे खाते आणि फसव्या फोनचा. पाठासोबत मूळ प्रत, छायाचित्रे, ध्वनिफिती आणि संहिता शाळेच्या स्वाधीन करावी. पाठावर तयार करणाऱ्याचे नाव आणि तारीख घालावी. आणि इतर शाळांनाही तो वापरता, बदलता येईल असा मुक्त परवाना द्यावा. परवाना लिहिलेला नसेल तर चांगल्या हेतूने केलेला पाठही दुसऱ्याला कायद्याने हात लावता येत नाही.

पालकांना एवढेच सांगणे आहे की, मूल सुट्टीत फोन मागेल तेव्हा त्याच्या शेजारी बसून एकदा हा पाठ स्वतः सोडवावा. आपल्या पिढीला कित्येक पाठ कोणी विचारलेच नाहीत. ते आता मुलांसोबत विचारून घेता येतील. आणि एखादा शब्द कळला नाही, एखादे बटण सापडले नाही, तर शाळेला अवश्य कळवावे. जो पाठ पालकाला अडतो तो दुरुस्त करणे आमचे काम आहे, आणि मूळ प्रत आपल्या हाती असेल तर ते काम त्याच संध्याकाळी होऊ शकेल.